माळेच्या पिशवीचं अस्तर

चामड्याच्या कामाचा छंद मला पन्नाशी उलटल्यावर लागला. या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात, मी चामड्याला लावायला लागलो. मोबाइलवर एक परदेशी माणूस चामड्यावर गुलाब उठवताना दिसला आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. जमेल असं वाटण्याचा रोग मला लहानपणापासून आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी येणारा माल तपासतो. लोखंडाची सळई गेटमधून आत आली की ती कशाची, कुठून आली, तिचा कागद कुठे, हे विचारणं माझं काम. कागद नसेल तर लाल चिठ्ठी लावून माल बाजूला ठेवायचा. वीस-बावीस वर्षं मी पुरवठादारांना याच कारणावरून झापत आलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला काय माहीत’ ही सबब निदान माझ्या तोंडी शोभत नाही.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चामडं आणलं त्याच दिवशी बायकोनं बजावलं, "देवघराला लागून हे चालायचं नाही." मी तिला भाषण दिलं. देवापुढे तबला वाजतो, त्यावर काय रेशीम ताणलेलं असतं का, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "तबला कुणी हॉलमध्ये भिजवून कुटत नाही. गॅलरीत बसा." मी गॅलरीत बसलो, पण लोकांच्या शिवाशिवीच्या कल्पना किती खुळचट असतात हे पुढचे आठ दिवस तिला ऐकवत राहिलो.

पहिले सहा महिने वाया गेले. चामडं ओलं करून त्यावर पात्यानं नक्षी कापायची, मग ठसे ठेवून हातोडीनं कडा दाबायच्या, वाळलं की रंगवायचं, एवढीच रीत. पण माझं चामडं एकतर इतकं भिजायचं की उठवलेली नक्षी डोळ्यांदेखत बुजून जायची, नाहीतर इतकं कोरडं राहायचं की ठसा नुसता घसरायचा. शेवटी कंपनीतल्या एकानं मला जुन्या नाशकातल्या चाचांचा पत्ता दिला.

चाचांनी उभी हयात टांग्याच्या घोड्यांचं सामान केलं. टांगे गेले, तेव्हापासून एका बोळातल्या छोट्या दुकानात बॅगांच्या चेन आणि पर्सचे पट्टे दुरुस्त करायचे. मी गेलो तेव्हा तेही जवळपास थांबलं होतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मी केलेलं पाकीट त्यांनी हातात घेतलं, बोटं फिरवली आणि म्हणाले, "साहेब, हे पाकीट हे का पापड? येवढं पाणी कशाला पाजलं त्याला?"

मग त्यांनी मला ओल ओळखायला शिकवलं. भिजवलेला तुकडा गालाला लावायचा. थंड लागला, पण गाल ओला झाला नाही, की हातोडी उचलायची. एवढीशी गोष्ट, मोबाइलवरच्या कुणी सांगितली नव्हती. त्यानंतर दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायला लागलो. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण टाका कुठे सैल आहे, कड कुठे जास्त तासली आहे, हे बोट लावताच सांगायचे. "आहिस्ता साहेब, आहिस्ता. लोखंड कंपनीत. इथं चामडं हे." शिकवण्याबद्दल काही घ्यायला ते तयार नव्हते. आतल्या खोलीतून चाची चहा पाठवायच्या, तोही मीच पिऊन यायचो.

चाचांची तसबीह, म्हणजे जपाची माळ, औषधाच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असायची. ती पिशवी चुरचुर वाजायची. रमजान ईदेला काय द्यावं याचा विचार करताना मला ती आठवली आणि मी माळेसाठी चामड्याची पिशवी करायला घेतली. माझ्या हातून तोवर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. झाकणावर द्राक्षाची वेल उठवली, पानांना हिरवा रंग चढवला, बाकी सगळं गडद तपकिरी. आतून मऊ अस्तर हवं होतं. मागे कधीतरी ऑनलाइन मागवलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यात एक पातळ, लवदार तुकडा होता. गठ्ठ्यावर नुसतं ‘मिक्स लायनिंग’ लिहिलेलं. कशाचं चामडं, हे ना त्यांनी लिहिलं होतं, ना मी विचारलं. लव वरच्या बाजूला ठेवून मी तो आत चिकटवला.

ईदेच्या दिवशी चाचांनी पिशवीत बोटं घातली आणि हसले. "मखमल हे की काय?" त्यांनी माळ आत ठेवली, पिशवी सदऱ्याच्या खिशात घातली आणि दुकानात येईल त्याला दाखवायला लागले. "आपल्या साहेबांनी बनवली. माझा शागीर्द." एवढा मोठा माणूस मला शागीर्द म्हणतो याचा मला कोण अभिमान वाटला!

दोनेक महिन्यांनी मी त्याच तुकड्याच्या उरलेल्या भागावर निळा रंग देऊन पाहत होतो. रंग बारीक छिद्रांत साचला आणि वाळल्यावर सगळीकडे ठिपके दिसायला लागले. तीन-तीन ठिपक्यांचे घोस, एकाशेजारी एक. मला ते फारच सुंदर वाटलं. फोटो काढून मी आमच्या छंदवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दहा मिनिटांत एकानं लिहिलं, "डुकराचं अस्तर वाटतं. तीन-तीन छिद्रं त्याचीच असतात. छान मऊ असतं."

मी तो तुकडा खिडकीपाशी नेऊन पाहिला, मग भिंग आणून पाहिला. तीन, तीन, तीन.

चाचांच्या बोटांना कसं कळलं नाही, हा प्रश्न मला लगेच पडला आणि उत्तरही लगेच मिळालं. गाय, म्हैस, बकरी, मेंढी, सगळी त्यांची बोटं ओळखायची. हे एकच चामडं त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतलं नव्हतं. ते त्यांना मखमलीसारखं वाटलं, कारण त्यांच्या ओळखीत त्याला जागाच नव्हती. आणि मी ते त्यांच्या माळेभोवती गुंडाळून दिलं होतं. दिवसातून पाच वेळा ते त्यात हात घालत होते.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच जाऊन सांगा."

मी म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? त्यांना माहीतच नाही, तर त्यांना दोष कसला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमच्या एकादशीच्या खिचडीत कुणी चुकून मटणाचा रस्सा घातला आणि कळल्यावर गप्प बसलं, तर चालेल?"

"मी एकादशी करत नाही."

"मी करते," ती म्हणाली आणि उठून गेली.

तिच्या सोवळ्याला मी आठ दिवस हसलो होतो. आता ते हसू माझ्यावरच उलटलं. खरं सांगायचं तर मला चाचांच्या त्रासाची काळजी नव्हती. ‘माझा शागीर्द’ हे दोन शब्द जातील, याची होती. बाकीची सगळी कारणं मी त्यावर वरून चढवलेला रंग होती.

पुढचे दोन रविवार मी गेलोच नाही. कंपनीत ऑडिट आहे असं कळवलं. तिसऱ्या रविवारी गेलो, तर चाचा म्हणाले, "गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन. मग बघतो तुमची नक्षी नीट. आतापर्यंत बोटांनीच बघितली."

माझी पाचावर धारण बसली. चाचा सगळं पाहणार. पिशवीत डोकावणार. आणि त्याच क्षणी मला ती युक्ती सुचली, जिची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हणालो, "चाचा, पिशवीचा एक टाका निघालाय. द्या, नीट करून आणतो."

त्यांनी पिशवीच्या कडेवरून बोट फिरवलं. "कुठं? मला तर लागत नाही."

"आतल्या बाजूला आहे."

त्यांनी माळ काढून खिशात टाकली आणि पिशवी माझ्या हातात दिली. माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या बोटांना खोटं ठरवलं.

घरी येऊन मी ते अस्तर ओरबाडून काढलं आणि बकरीचं घातलं. या वेळी विकणाऱ्याला तीन वेळा विचारून घेतलं. कंपनीतली सगळी हुशारी तेव्हा उपयोगी पडली. बुधवारी पिशवी नेऊन दिली आणि सुटलो असं समजलो. रात्री झोपही लागली, हे कबूल करायला हवं.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी गेलो. एका डोळ्यानं चाचांना लख्ख दिसत होतं. नक्षी डोळ्यांनी बघायची म्हणून पिशवी त्यांनी तोवर तशीच जपून ठेवली होती, माळ खिशातच होती. त्यांनी द्राक्षाची वेल पाहिली, पानं मोजली, एक पान उलटं वळलंय म्हणून चिडवलं. मग पिशवीत बोटं घातली आणि थांबले.

"अस्तर बदललं?"

"हो. टाका काढताना फाटलं."

"हे पण चांगलं. पण ते लई मऊ होतं, साहेब." ते आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "चाचीला शुगर हे. पायाला साधी चप्पल लागली तरी जखम होती. आता डोळा आला, तर तिच्यासाठी मी स्वतः एक जोडी शिवणार. तसलं अस्तर उरलं असेल तर द्या."

"संपलं," मी म्हणालो.

"मग कुठनं घेतलं ते सांगा, मागवतो."

मी काहीतरी पुटपुटलो. दुकान आठवत नाही, नाव आठवत नाही. चाचांनी मोबाइल पुढे केला. "हुडका ना. तुम्हाला येतं ते." ते हसत होते. चाचींच्या पायाची ते काळजी करत होते आणि मी त्यांना तेच चामडं चाचींच्या पायात घालायला लावणार होतो, नाहीतर आणखी एक थाप मारणार होतो. थापांचा साठाही एकदा संपतो.

"चाचा, ते डुकराचं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी माळ खिशातून काढली, उठले आणि दुकानाबाहेरच्या नळावर गेले. कोपरापर्यंत हात धुतले. मग माळ नळाखाली धरून एकेक मणी धुवायला लागले. नवा डोळा होता, पाणी उडू नये म्हणून मान मागे घेतलेली. मी दुकानात बसून ते पाहत होतो. कितीतरी वेळ ते पाणी वाहत राहिलं.

ते परत येऊन बसल्यावर मी म्हणालो, "माफ करा. मला माहीत नव्हतं."

"कधी माहीत नव्हतं?"

"बनवताना."

"आणि कळलं कधी?"

उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले, "टाका निघालाय म्हणून घेऊन गेलात, तेव्हा कळलेलं होतं."

"हो."

"तवा सांगितलं असतं साहेब, तर ती चूक होती."

आता ते काय आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि तेही माझ्याच सोयीसाठी वाटलं.

पिशवी त्यांनी मला परत दिली. मी उठायला लागलो तर म्हणाले, "नवीन काय आणलंय ते दाखवा ना." मी चष्म्याचं घर आणलं होतं. हात पुढे करताना ते मध्येच थांबले.

"कशाचं?"

"गाईचं. आतून बकरीचं."

मग त्यांनी ते घेतलं, उजेडात धरलं, उलटं केलं आणि अस्तर बोटानं बाहेर ओढून डोळ्याजवळ नेलं. पूर्वी कधी त्यांनी माझ्या कामाला असं पाहिलं नव्हतं. मग नेहमीसारखं म्हणाले, "कड जास्त तासली हे."

चाचींच्या चपला त्यांनी मेंढीच्या अस्तराच्या शिवल्या. माझे रविवार चालू आहेत. चहा येतो. शागीर्द हा शब्द येत नाही. आणि मी काहीही पुढे केलं की हात मध्येच थांबतो आणि प्रश्न येतो, "कशाचं?"

आमच्या कंपनीत चांगल्या पुरवठादाराच्या मालातले चार नग काढून बघतात आणि बाकीचा सोडून देतात. ज्यानं एकदा दोष लपवला, त्याचा एकेक नग तपासला जातो. तसा शेरा मी कितीतरी जणांच्या नावापुढे मारला आहे. किती खेपा निर्दोष गेल्या की हा शेरा उठवायचा, ते आमच्याकडे ठरलेलं असतं. चाचांना ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.