वत्सलाआत्याला दिलेलं पाणी

मंडळी, या सदरातले अनुभव मी आजवर चहात बिस्कीट बुडवून खावं तसे वाचत आलो. वाचायचं, हसायचं, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि 'लोकांना वेळ फार आहे' असं म्हणून स्वतः तासभर खालच्या प्रतिक्रिया वाचत बसायचं. पडक्या विहिरी, पांढऱ्या साड्या, घाटात लिफ्ट मागणाऱ्या बायका... एकीवरही माझा विश्वास नाही. आजही नाही. त्यामुळे घाबरायच्या तयारीनं बसला असाल तर आधीच सांगतो – यात भीती वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटण्यासारखं भरपूर आहे, आणि ती सगळी माझी आहे.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात हयात गेली. रिटायर झालो आणि करायचं काय हा प्रश्न आला. बागकामात तीन कुंड्या मारल्या. हार्मोनियम शिकायला लागलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अत्यंत नम्रपणे भेटून गेले. मग मला वंशावळीचा नाद लागला. हा छंद कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून घरात मान्य झाला.

भवानी पेठेतलं आमचं जुनं दोन खोल्यांचं घर विकताना आजोबांची एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली होती. त्यातल्या पत्रिका, पावत्या, लग्नाच्या याद्या वाचून मी सात पिढ्या उभ्या केल्या. कार्डशीटला कार्डशीट चिकटवून हॉलच्या भिंतीवर लावल्या. गेलेल्यांच्या नावाआधी लाल शाईत बारीक 'कै.' – ते लिहिताना मला जो आनंद व्हायचा तो सांगता येत नाही. एक चौकट पूर्ण झाली, फाईल बंद झाली, असं वाटायचं. पणजोबांच्या भावाची तिथी सापडली म्हणून मी एका सकाळी नाचत स्वयंपाकघरात गेलो, तर बायको म्हणाली, "काल तुमच्या सख्ख्या बहिणीचा वाढदिवस झाला. फोन केलात का?"

केला नव्हता.

सगळ्या तक्त्यात एकच चौकट अडत होती. वत्सलाआत्या. वडिलांची धाकटी बहीण. मी आठ वर्षांचा असताना ती दुधनीच्या आडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या एका कन्नड मुलाबरोबर लग्न करून निघून गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घेतलं गेलं नाही. आजोबांनी तसं सांगितलं होतं म्हणे. सांगितलं नसतं तरी कुणाची हिंमत झाली नसती. माझे वडील गेले, काका गेले, ती कुठं आहे, आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि एक दिवस मला आजोबांच्या पोथीत एक पोस्टकार्ड सापडलं. दुधनीचा शिक्का. मजकूर सगळा कानडीत, मला ओ की ठो कळेना. पण कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता! जुन्या लोकांना माहीत असेल – कुणी गेल्याचं कार्ड असलं की त्याचा कोपरा फाडून पाठवायचे. हातात पडताच कळायचं. झालं. माझ्यातला इतिहाससंशोधक जागा झाला. मी लाल पेन उघडलं आणि आत्याच्या नावाआधी 'कै.' लिहून टाकलं.

सोलापुरात कानडी वाचून दाखवणारा माणूस शोधायला जिना उतरावा लागतो, बस्स. तेवढाही मी उतरलो नाही. शिवाय मोठी गंमत अशी की असलं कार्ड वाचून झालं की तिथल्या तिथं फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत. मग आजोबांनी ते पोथीत का जपलं? हा प्रश्न मला पडला नाही. तक्ता पूर्ण होत होता ना.

त्या वर्षी सर्वपित्रीला गुरुजी आले सकाळी दहाला. त्यांना अजून चार घरं करायची होती. तर्पणात गुरुजी नावं विचारत जातात – वडील, आजोबा, पणजोबा, मग काका, मामा, आत्या, मावशी... एरवी यजमान पणजोबापाशीच छताकडे बघायला लागतो. मी मात्र लॅमिनेट केलेली यादी घेऊन पाटावर बसलो होतो. गुरुजी विचारायच्या आधी माझं उत्तर तयार. त्या दिवशी आमच्या नळाचा दिवस नव्हता, कळशी मध्येच संपली, तर बायकोनं फ्रिजमधली बाटली आणून ओतली. थंडगार पाणी. बोटं बधिर व्हायला लागली, तरी माझा उत्साह कमी होईना.

"आत्या?" गुरुजींनी विचारलं.

"वत्सला."

"गोत्र? त्यांच्या सासरचं."

ते माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "आमचंच लावा. भारद्वाज."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि लावलं. मी काळे तीळ घेऊन अंगठ्याकडून पाणी सोडलं. घड्याळ समोरच होतं म्हणून सांगतो, साडेदहाला पाच-सात मिनिटं कमी होती.

यानंतर पाचव्या दिवशी, सकाळचे अकरा-साडेअकरा, दारावरची बेल वाजली. दारात पन्नाशीतला एक माणूस, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. भवानी पेठेतल्या जुन्या घरी जाऊन, तिथं विचारत विचारत आला होता. बायकोनं पाणी दिलं. तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ह्या घरात वत्सला म्हणून कुणी होतं काय?"

मी भिंतीकडे बोट केलं. अहो, प्रेक्षक मिळाला होता! "होती की. माझी आत्या. वारली ती."

"कवा?"

"झाली पन्नास-एक वर्षं," मी म्हणालो. अगदी ठामपणे.

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "सकाळी डबा तिनंच बांधून दिला मला."

मी खुर्चीत बसलो. माझी खुर्ची नव्हती ती, बायको बसणार होती, पण मी बसलो.

तो बसवराज, आत्याचा मुलगा. माझा आतेभाऊ. त्यानं सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहितो. लग्नानंतर सासरी तिचं नाव गंगव्वा ठेवलं. गावात, घरात, रेशनकार्डावर, सगळीकडे गंगव्वा. आईचं आधीचं नाव काय, हे बसवराजनं कधी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. अमावास्येच्या सकाळी ती उंबऱ्यावर सुपात तूर निवडत बसली होती. बसवराज तिथंच चप्पल घालत होता, साडेदहाच्या गाडीला कुणाला तरी आणायला निघालेला. ती एकदम "ओ" म्हणाली. कुणी हाक मारल्यावर म्हणतात तसं. मग सूप बाजूला सरकवून उजवा हात पुढे धरला. तळवा ओला होता. त्याला वाटलं तांब्या कलंडला असेल, पण तांब्या जवळपास नव्हता. आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा मुलाला म्हणाली – माझं नाव वत्सला. सोलापूरला जा, भवानी पेठेत जा, आणि घरात कोण आहे ते बघून ये.

पन्नास वर्षांत तिनं कुणाला पाठवलं नव्हतं.

एवढं ऐकून तरी मी थांबायला हवं होतं. पण स्वभाव जातो कुठं? मी पुरावा म्हणून ते कार्ड आणून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, हे बघा, यावरून आमचा समज झाला. बसवराजनं कार्ड वाचलं. परत एकदा वाचलं.

"हे माज्या बापाचं अक्षर हाय," तो म्हणाला. "मी जन्मल्याचं लिवलंय. बारशाला या म्हणून. ती रोज वाटेकडं बघती, म्हणून."

मग त्यानं विचारलं, हा कोपरा कसा गेला? मी काही बोलायच्या आत बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, तुमची ती तिकिटांची वही माळ्यावर आहे ना?"

मंडळी, लहानपणी मी तिकिटं जमवायचो. पोस्टकार्डावर छापलेलं तिकीटसुद्धा सोडत नसे. स्टूल लावून वही काढली. तिसऱ्या पानावर तो कोपरा होता. खळीनं चिकटवलेला, शिक्क्याची उरलेली अर्धी गोलाई त्याच्यावर, खाली माझ्या नऊ-दहा वर्षांच्या अक्षरात 'भारत'.

म्हणजे एका छंदापायी मी कार्ड फाडलं आणि दुसऱ्या छंदापायी आत्याला मारलं.

बसवराजला मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, तर्पणाचं आईला सांगू नका, आम्ही तिची आठवण काढली होती एवढंच सांगा. तो म्हणाला, "मी काय सांगत न्हाय. तुमीच या आन सांगा."

रविवारी मी आणि बायको दुधनीला गेलो. आत्या दारातच बसली होती. लहानखुरी, हिरवं इरकली लुगडं, केस पांढरेशुभ्र. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "नंदू न्हवं काय तू? किती टक्कल पडलंय रे!" मग सुनेला कानडीत काहीतरी म्हणाली आणि ती सून तोंडाला पदर लावून हसली. कडक भाकरी आली, शेंगाची चटणी आली. आत्यानं आमच्यातल्या एकेकाची चौकशी केली. मी एकेकाचं 'गेला' सांगत होतो आणि ती मान हलवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला 'कै.'चा आनंद होत नव्हता.

जेवण झाल्यावर तिनं सगळ्यांना बाहेर पाठवलं. बायको मात्र हलली नाही. मी पळून जाईन अशी तिला शंका असावी.

"आमुशेला माझं नाव कुणी घेतलं?" आत्यानं विचारलं.

मी म्हणालो, घरात विषय निघाला होता, सहज तुझी आठवण...

"आठवण काढताना गोत्र लावत्यात काय रे?"

मी बायकोकडे पाहिलं.

"भारद्वाज म्हटलेलं ऐकलं मी. पाणी लई गार होतं. आन हाताला तीळ चिकटले हुते." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरलेली होती – पंचाहत्तरीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी घाबरलेली. "मला एकच सांग. दादांनी माझ्या नावानं आंघोळ केलती काय? तवापासनं दर वर्षी देता काय पाणी मला?"

दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. तेव्हा मला कळलं की तिनं मुलाला सोलापूरला का पाठवलं होतं. लेक मनाविरुद्ध गेली की काही घरांत ती मेली म्हणून आंघोळ करून मोकळे होत. आपल्या बापानं तसं केलं का, हे ती पन्नास वर्षं मनात घेऊन बसली होती. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून त्या एका कार्डानंतर निरोप नाही, पत्र नाही, काही नाही.

मग मी सांगितलं. सगळं. तक्ता, लाल शाई, फाटका कोपरा, तिकिटांची वही, लॅमिनेट केलेली यादी, फ्रिजची बाटली. "आजोबांनी काही केलं नव्हतं आत्या. कुणीच नाही. तू गेलीस असं मला कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं." आणि पिशवीतून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, हे आजोबांच्या रोजच्या पोथीत होतं. ते जाईपर्यंत.

आत्यानं कार्ड वाचलं नाही. नुसतं मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "पोथीत?"

"पोथीत."

"बरं झालं," ती म्हणाली. कशाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

रागाच्या भरातही, लोकलाजेपायीही आजोबांनी जे केलं नाही, ते मी पाटावर बसून हौसेनं केलं होतं.

आता स्पष्टीकरणाचं बोलू. गुरुजींना सांगितलं, तर त्यांनी आधी मला झापलं आणि मग म्हणाले की असं शास्त्रात कुठं वाचलेलं नाही. डॉक्टर भाच्यानं वयोमान, भास, योगायोग, असे तीन पर्याय दिले. तीळ तर कुणाच्याही घरात असतात. पण गंगव्वाला वत्सला म्हणून हाक, आमचं गोत्र, तीच वेळ, आणि पाणी गार होतं हे... हे तिला कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. फ्रिजच्या बाटलीचं आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी अजूनही मानत नाही. आणि अजूनही दुसरं काही सुचत नाही.

फॅमिली ग्रुपवर मी 'वत्सलाआत्या हयात आहेत, तक्त्यात लिहिणाऱ्याकडून चूक झाली' असं टाकलं होतं. लिहिणारा कोण हे टाकलं नव्हतं. नातेवाईकांनी अंगठे पाठवले, फुलं पाठवली. आज हे वाचतील तेव्हा कळेल.

एक गोष्ट मात्र मी भाच्यालाही सांगितली नाही. निघताना आत्या स्टेशनपर्यंत आली, नको म्हटलं तरी. बाकावर बसली. गाडी यायला वेळ होता. तिनं विचारलं, सोलापूर किती वेळ लागतो आता? मी म्हटलं, तासभर. फार तर सव्वा तास.

तिनं मान हलवली. रुळांकडे बघत म्हणाली, "आन पूर्वी? पूर्वी लई लांब होतं काय रे?"

"नाही आत्या," मी म्हणालो. "तेवढंच होतं."