दार आणि तीन आकडे

"रंग गेला का बघ," साहेब म्हणाले.

मी ट्रामच्या रुळांवर पडलो होतो. सायकलचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत अडकून वाकडं झालं होतं. डाव्या हातातून रक्त येत होतं. दुखत नव्हतं. साहेब माझ्याबद्दल बोलत नव्हते, गाडीबद्दल बोलत होते.

ड्रायव्हरने वाकून दाराची कड पाहिली. "रंग नाय गेला, साहेब. रक्त लागलंय."

"मग त्याला पुसायला सांग."

मी पुसलं. माझ्याच शर्टाने. मागे ट्राम खोळंबली होती आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. ट्रामवाला पायाने घंटा बडवत होता. मी रुळावर होतो म्हणून. कुणीतरी हसून म्हणालं, "नीट पूस रे, कोपरा राहिला." मी कोपराही पुसला. हे मी मुद्दाम लिहितो. मला कुणी मारलं नव्हतं. धमकी दिली नव्हती. पूस म्हटलं आणि मी पुसलं.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी कामाला होतो. प्रुफं सायकलवरून लेखकांच्या घरी पोचवायची, तपासून झाली की परत आणायची. त्या दिवशी पिशवीत साहेबांचीच प्रुफं होती. त्यांच्या भाषणाची पुस्तिका निघणार होती. साहेब वकील. तीन पिढ्या मुंबईतले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ते बोलायला उभे राहिले की आमच्या लालबागच्या चाळीतली माणसं जेवण टाकून जायची. मीही जायचो. ते भाषण मी छापखान्यात दोनदा वाचलं होतं. 'या शहराचा दगड न् दगड ज्यांनी वाहिला, त्यांना या शहरात मान खाली घालून चालावं लागतं.' हे वाक्य मी वाटेत सायकलवर स्वतःशी म्हणत होतो. परळ ओलांडून दादरला त्यांच्या घराजवळ पोचलो, तेव्हाच त्यांची गाडी माझ्या पुढे येऊन कडेला थांबली. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला ट्रामचे रूळ. मध्ये दोन हात जागा. सायकलवाल्याची जागा तेवढीच असते. मी घंटी वाजवली आणि त्या जागेत शिरलो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार एकदम उघडलं आणि माझ्या डाव्या हातावर आलं.

गाडी पुसून झाल्यावर साहेबांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "प्रुफं खराब झाली नाहीत ना?"

"नाही."

"वर ये."

वर त्यांच्या खोलीत मी उभा राहिलो. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "याने घंटी वाजवली होती?"

ड्रायव्हर माझ्या चाळीतला. आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. बाबलदादा म्हणायचो आम्ही त्याला. गणपतीत त्याच्या मांडीवर बसून मी आरत्या शिकलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाय, साहेब."

"कागदावर असलेलं बरं," साहेब म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. उजवा हात धड होता, म्हणून लिहिता आलं. मी लिहिलं की गाडीचं दार उघडलं, मला सायकल आवरता आली नाही, गाडीला धक्का लागला, याबद्दल क्षमा असावी. साहेबांनी वाचलं. प्रुफं तपासायची लाल पेन्सिल त्यांच्या हातातच होती. 'गाडीचं दार उघडलं' एवढ्यावर त्यांनी रेघ मारली. त्या जागी 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं घातलं. "आता नीट उतरवून काढ."

मी उतरवून काढलं. सही केली. त्या पत्रात आता दार कुठेच नव्हतं.

मग त्यांनी त्याच पेन्सिलीने भाषणाची प्रुफं तपासली. मी उभा होतो. मान खाली घालून चालण्याचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं. त्यात चूक नव्हती.

संध्याकाळी हात बांधून चाळीच्या गॅलरीत बसलो होतो. आई काहीबाही विचारत होती. मी उत्तरं देत होतो. रडू येत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांत काहीच कळत नव्हतं, आणि मला वाटत होतं की ते हळूहळू वर चढतंय, खांद्यापर्यंत, मग सगळीकडे.

बाबलदादा जिना चढून आला. कठड्याला टेकून उभा राहिला.

"माका तुझी घंटी आयकाक इली होती," तो म्हणाला.

मी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"आयकाक इली, तरी दार उघडलंय. गाडी थांबली की सायेब तीन मोजतत. तिनाच्या आत माका फिरून तेंच्या दाराकडे उबो र्‍हवाक व्हया. मागे बघूक गेलंय तर तीन होऊन जातत."

"मोठ्याने मोजतात?"

"तोंडातल्या तोंडात. पण माका आयकाक येता."

"आणि तीन झाले तर?"

"तर मगे दिवसभर 'म्हातारो झालंस, बाबल' म्हणतत. लोकांच्या देखत." तो थोडा हसला. "झिला, माझा वय काय? बेचाळीस."

सकाळपासून मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. माझ्या हातावर दार त्याने उघडलं होतं, हे खरं. पण ते कुणासाठी उघडलं होतं? मागे एक धडधाकट माणूस बसला होता. दोन्ही हात शाबूत असलेला. त्याला स्वतःच्या दाराची कडी फिरवायची नव्हती. एवढ्यासाठी एक जण जीव मुठीत धरून धावत होता आणि दुसरा रुळावर पडला होता. आणि पडलेला धावणाऱ्याला शिव्या देत होता. नाक्यावर आम्ही रोज हेच करायचो. ड्रायव्हर म्हणायचे, सायकलवाले मरायलाच येतात. आम्ही म्हणायचो, ड्रायव्हर माजलेत. मागच्या सीटवर बसलेल्याचं नाव कुणीच काढत नव्हतं.

आठवड्याभराने बाबलदादाने मला एक गोष्ट दाखवली. गॅलरीत खुर्ची टाकून बसला. दार उजवीकडे आहे असं धरलं आणि कडीला डावा हात नेला. "बघ. डावो हात न्हेलो की आंग आपोआप फिरता. मागचा दिसता. सायकलवालो येता की नाय, कळता." उजव्या हाताने उघडलं की नजर पुढेच राहते. इतकी साधी गोष्ट.

"आणि तीन?" मी विचारलं.

"चार होतत," तो म्हणाला. "मोजून बघितलंय."

त्या एका आकड्यावर माझी दोन बोटं गेली होती.

दुपारच्या सुट्टीत मी छापखान्यात खिळे जुळवून एक पत्रक तयार केलं. कागदाच्या उरलेल्या कातरणावर छापलं. तीनच ओळी होत्या. ड्रायव्हर बंधूंनो, दार डाव्या हाताने उघडा, मागे बघा. सायकलवाल्या बंधूंनो, उभ्या गाडीपासून हातभर लांब राहा, घंटी वाजवा. गाडीत मागे बसणाऱ्यांनो, आपलं दार आपण उघडा.

लालबाग, परळ, दादरच्या नाक्यांवर वाटलं. ड्रायव्हरांनी घेतलं. पहिली ओळ वाचून काहींनी तोंड वाकडं केलं. तिसरी वाचल्यावर घडी करून खिशात ठेवलं. नाक्यावर एक जण मला म्हणाला, "आयला, हे आमच्या शेठच्या सीटवर ठेवतो." ठेवलं की नाही माहीत नाही. पण त्यानंतर तो मला बघून हात करायला लागला. मीही करायला लागलो.

साहेबांनी बोलावलं. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. आमच्या छापखान्यातला 'द'चा खिळा वरून फुटका होता. त्यावरून त्यांनी ओळखलं. नजर तेज होती त्यांची, हे मी मान्य करतो.

"पहिल्या दोन ओळी उत्तम आहेत," ते म्हणाले. "मी सभेतही सांगीन. तिसरी काढ."

"का?"

"अशाने चळवळीत फूट पडते. ही वेळ नाही."

"आपलं दार आपण उघडल्याने फूट कशी पडते, साहेब?"

त्यांनी खण उघडून माझं पत्र काढलं. "हे तुझं अक्षर आहे ना?"

"अक्षर माझं आहे. मजकूर तुमचा."

त्यांनी बाबलदादाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. "बाबल, त्या दिवशी याने घंटी वाजवली होती?"

बाबलदादा जमिनीकडे बघत राहिला. हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो तसाच उभा. मला त्याचा राग आला नाही. मागच्या वेळी तो लगेच 'नाय' म्हणाला होता.

"मला छापखान्याच्या मालकांशी बोलावं लागेल," साहेब मला म्हणाले.

"बोला," मी म्हणालो. "तिसरी ओळ राहील."

आवाज चढला नाही. आतून सगळं सुन्नच होतं, पण आता ते सुन्नपण माझ्या कामाचं होतं.

ते मालकांशी बोलले. मी छापखान्याची सायकल परत केली. आता परळला दुसऱ्या एका छापखान्यात उभा राहून यंत्राला कागद लावतो. बोटांना अजून काही कळत नाही, त्यामुळे कागदाची कड डोळ्यांनी बघून लावावी लागते.

उद्या साहेबांची सभा आहे, इथेच, परळला. मी जाणार आहे. संयुक्त महाराष्ट्र मला हवा आहे, त्यांना हवा आहे त्याहून जास्त हवा आहे, कारण मला दुसरीकडे कुठे जायला जागा नाही. घोषणा मी देईन. पण सभेआधी मी मैदानाच्या फाटकाशी, गाड्या थांबतात तिथे उभा राहणार आहे. हातात पत्रकं असतील, तिन्ही ओळींची. त्यांची गाडी येईल. बाबलदादा डाव्या हाताने दार उघडेल की उजव्या, ते त्याचं तो ठरवील. मी मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहीन. दाराला हात लावणार नाही. आणि मोजीन. तोंडातल्या तोंडात नाही. मोठ्याने मोजीन, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, आणि साहेब आपल्या हाताने कडी फिरवून बाहेर येईपर्यंत मोजणं थांबवणार नाही.