तीनशे तीस दिवसांचा पगार

मोठ्या आऱ्याला सील लावायला वनखात्याची तीन माणसं आली होती. त्यांना वीस मिनिटं लागली. एकानं आऱ्याच्या चाकांभोवती तार गुंडाळली, दुसऱ्यानं लाख वितळवून तिच्यावर शिक्का मारला, तिसऱ्यानं पंचनामा लिहिला. मी सही केली. चहा विचारला, तो त्यांनी घेतला. जीप निघून गेल्यावर मी पंचनामा दोनदा वाचला. त्यात आऱ्याची लांबी, मोटारीची ताकद, भिंतींची मापं, सगळं होतं. तो आरा बावीस वर्षं चालवणाऱ्या माणसाचं पुढे काय, हे कुठेही नव्हतं.

आरमोरीच्या अलीकडे आमची लाकूड कापायची लहानशी आरामशीन होती. एक मोठा उभा आरा, एक छोटा गोल आरा आणि सात माणसं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि जंगल वाचवण्याचे हुकूम वरून येऊ लागले होते. काही गिरण्या पूर्ण बंद झाल्या. आमच्या परवान्याचं नूतनीकरण झालं, पण त्यातून मोठा आरा वगळला. जंगल वाचवण्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. जंगल किती विरळ झालं हे ट्रकमधून उतरणाऱ्या ओंडक्यांच्या घेरावरून मला सरकारच्या आधी कळलं होतं. मला राग आला तो नंतरच्या हिशेबाचा.

सील लावलेला आरा विकता येत नव्हता. त्याच्या मोटारीचा विजेचा किमान आकार मात्र दर महिन्याला येत राहिला. भार कमी करून द्या, असा अर्ज मी वीज कार्यालयात दिला. ते म्हणाले, मोटार काढलेली दाखवा. मी सील लावणाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, सील तोडलं तर गुन्हा. बंद मोटारीचं बिल मी अकरा महिने भरलं.

मोठा आरा बंद म्हणजे त्याचा मिस्त्री जादा झाला. छोट्या आऱ्यावर एक माणूस होता, तो पुरेसा होता. मिस्त्री आमच्या गावापासून बारा किलोमीटरवरच्या जंगलातल्या खेड्याचा. घरी दीड एकर धान. ओंडका बघून तो सांगायचा की आत पोकळ आहे, आणि तो पोकळच निघायचा. माझ्या वडिलांनी त्याला ठेवला होता आणि मी गिरणी हातात घेतली तेव्हा अर्धं काम त्यानंच मला शिकवलं होतं.

कामगार कपातीचा कायदा मी वाचला होता. माणूस कमी करायचा तर महिन्याची नोटीस आणि सलग नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सातच माणसं असल्यामुळे ग्रॅच्युइटी आम्हाला लागू नव्हती. तेव्हा मिस्त्रीला मिळणार ते एवढंच. मी त्याला ओट्यावर बसवून हिशेब सांगितला. बावीस गुणिले पंधरा, तीनशे तीस दिवस. नव्वद रुपये रोजानं एकोणतीस हजार सातशे. त्यानं आकडा पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला.

आठ दिवसांनी तो परत आला तो जरा ताठ चालत. शेजारच्या गावात एक जण धान भरडायचं जुनं हलर इंजिनासकट विकत होता, अठ्ठावीस हजाराला. त्याच्या खेड्यातले लोक तोवर धान डोक्यावर घेऊन सात किलोमीटर जात होते. यंत्र त्याला समजत होतं, गिऱ्हाईक दारात होतं. त्यानं हजार रुपये बयाना देऊन टाकला होता. मला म्हणाला, "भाऊ, आता तुमच्यासारखा मी बी गिरणीवाला."

मी हसलो. त्याला आकडा सांगण्याआधी मी एक गोष्ट केली नव्हती. हजेरीची वही उघडली नव्हती.

त्या वहीचा मला अभिमान होता, हे सांगितलं पाहिजे. आजूबाजूच्या कितीतरी मालकांच्या वह्या मी पाहिल्या होत्या. दर वर्षी नवी वही, तीच माणसं नव्या नावांनी, म्हणजे कोणाचं वर्ष कधी भरतच नाही. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी लागते, म्हणून कोणी दहावा माणूस बायकोच्या नावावर दाखवायचा. माझी वही खरी होती. सकाळी भोंगा झाला की मी स्वतः भरायचो, माझ्याआधी वडील भरायचे. आला तर हजर, नाही आला तर गैरहजर.

कपातीचे कागद नीट व्हावेत म्हणून मी चंद्रपूरला एका कामगार सल्लागाराकडे गेलो. दोनशे रुपये फी. त्यानं चहा मागवला आणि पेन्सिल घेऊन बावीस वर्षांच्या वह्या चाळू लागला. तासाभरानं त्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"तुम्ही वाचलात," तो म्हणाला. "वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर ते वर्ष धरायचं. तुमच्या माणसाची नऊच वर्षं भरतात."

मी वही ओढून घेतली. गिरणी आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, बंद. म्हणजे वर्षाला तीनशे तेरा दिवस. मिस्त्री जुलैत धानाच्या रोवण्यासाठी पंचवीस दिवस घरी जायचा. धान कापायला अठरा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला अख्खं खेडं जंगलात जायचं, त्याचे पंधरा. झाले अठ्ठावन्न. उरले दोनशे पंचावन्न. त्यात हिवताप, लग्नं, त्यांच्या देवाची पूजा. कधी दोनशे सव्वीस, कधी दोनशे पस्तीस. एका वर्षी दोनशे एकोणचाळीस. तो एक दिवस कुठला म्हणून मी पाहिलं. मला आठवला. नाल्याला पूर होता, पलीकडे थांबून तो दुपारी तीनला पोचला होता आणि अंधार पडेपर्यंत त्यानं काम केलं होतं. मी त्याला अर्धा रोज दिला. वहीत अर्ध्या दिवसाचा रकाना नव्हता, सकाळी लिहिलेलं गैरहजर मी खोडलं नव्हतं. वहीत खाडाखोड मला चालत नसे.

सल्लागार म्हणाला की हेच दिवस "रजा" म्हणून लिहिले असते तर वर्ष तुटलं नसतं. मालकानं मंजूर केलेली रजा नोकरीतच धरतात. पण गैरहजर म्हणजे गैरहजर. एकशे पस्तीस दिवस, बारा हजार एकशे पन्नास. सतरा हजार साडेपाचशे वाचले.

आता जे लिहितो ते लिहायला आवडत नाही. चंद्रपूरहून निघालेल्या एस.टी.त मूल गाव येईपर्यंत मी खूश होतो. सतरा हजार साडेपाचशे. बँकेचे चार हप्ते. मोटारीचं बिल. मुलीची फी. मी ती रक्कम मनात वाटून टाकली होती. मूलला बस थांबली, मी खाली उतरून पाणी प्यालो, आणि मला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून मी आकडा सोडला असंही नाही. घरी पोचलो तेव्हा तो माझ्याकडेच होता.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं वही बघितली नाही. तिनं एवढंच विचारलं की रोवण्याच्या दिवसांत गिरणीत काम किती असायचं.

काम नसायचं. पावसात जंगलातून लाकूड येत नाही, रस्ते बंद असतात. तो घरी गेला की माझा पंचवीस दिवसांचा रोज वाचायचा. जूनच्या शेवटी मीच त्याला विचारायचो, मिस्त्री, रोवण्याला कधी निघता?

"तेव्हाचे तुम्ही वाचवले," ती म्हणाली. "आता त्याच दिवसांचे पुन्हा वाचवून राह्यले का?"

तरी मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून नवा आकडा सांगितला. कायदा असा आहे, वही अशी आहे, मी काय करू. असंच बोललो. त्यानं वाद घातला नाही. तो म्हणाला, "मी तर सांगून जात होतो भाऊ." आणि गेला. पुढे कोणीतरी त्याला अर्ज लिहून दिला आणि महिनाभरानं मला कामगार कार्यालयाचं पत्र आलं.

त्या महिनाभरात मला जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता. ज्यांनी आरा बंद केला त्यांना एक पै पडली नाही. ज्यांनी वह्या खोट्या लिहिल्या त्यांच्याकडे अर्ज येणारच नव्हता, कारण त्यांच्याकडे कागदावर कोणी बावीस वर्षं कामाला नव्हतंच. हुकूम एका इमारतीतून निघाला, नुकसानभरपाईचा कायदा दुसऱ्या इमारतीतून, आणि दोन्हींच्या मध्ये सात माणसांची गिरणी. मोठ्या कारखान्याकडे वकील असतात, बँक थांबते, मंत्री भेटतो. आमच्यासारख्याकडे मालक आणि मजूर एकाच ओट्यावर डबा खातात, आणि सरकारनं त्यांनाच एकमेकांच्या अंगावर घातलं. दोघांपैकी कोणी पडलं तरी सरकारचं काहीच जाणार नव्हतं.

तारखेला कामगार कार्यालयात आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. माझ्याकडे सल्लागार, मिस्त्रीकडे त्याचा पुतण्या. अधिकारी मध्यमवयीन होता, दमलेला, पण नीट ऐकणारा. त्यानं वही पाहिली आणि मिस्त्रीला विचारलं, या तारखांना तुम्ही कामावर होता का?

"नाई साहेब."

"मग कुठे होता?"

"घरी. रोवणा होता." त्याला खोटं सुचलंच नाही.

रजेचा अर्ज दिला होता का? नाही. सही करता येते का? अंगठा. अधिकाऱ्यानं लिहिलं. सल्लागारानं माझ्याकडे पाहून मान हलवली, की झालं. अधिकाऱ्यानं सहज विचारावं तसं मला विचारलं, मालकाचं काही म्हणणं?

माझं म्हणणं ठरलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तो विचारून जायचा. मी जा म्हणायचो. गिरणीत काम नसायचं, मला ते सोयीचं होतं. ती रजाच होती. मी चुकीचं लिहिलं."

सल्लागारानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अधिकारी लिहिता लिहिता थांबला.

"बावीसही वर्षं?"

"बावीसही."

"हे लिहून घेऊ? मालक लोक असं बोलत नाहीत."

मी म्हणालो, लिहा. त्यानं ते लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली, मिस्त्रीनं अंगठा दिला. तीनशे तीस दिवस. बाहेर आल्यावर सल्लागारानं उरलेली फी मागितली आणि पुन्हा येऊ नका म्हणाला.

एवढं झाल्यावर सगळं नीट झालं असतं तर मी हे लिहिलं नसतं. माझ्याकडे तीस हजार नव्हते. सहीनं पैसे तयार होत नाहीत. मोठा आरा विकला असता तर त्याच दिवशी दिले असते, पण तो लाखेच्या शिक्क्याखाली गंजत होता. बँक म्हणाली, बंद यंत्रावर कर्ज नाही. बारा हजार मी लगेच दिले. बाकीच्यासाठी आवारातलं सागवान पडत्या भावानं काढलं, आणि त्याच्या वाहतुकीचा पास मिळायला पाच महिने गेले. पास देणारे तेच, सील लावणारे तेच. मी खेपा मोजल्या होत्या. चौदा.

हलरवाला तीन महिने थांबला. मग त्यानं ते गडचिरोलीच्या एका व्यापाऱ्याला विकलं आणि बयानाही परत केला नाही. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही, त्यालाही पैसे हवे होते. शेवटची रक्कम मी मिस्त्रीच्या घरी नेऊन दिली तेव्हा त्या पैशांना जायला जागाच नव्हती. थोडे घराच्या छपरावरच्या कवेलूंना गेले, बाकीचे दवाखान्यात. त्याच्या खेड्यातले लोक पुढची सहा वर्षं धान डोक्यावर घेऊन सात किलोमीटर चालत राहिले.

चार-पाच वर्षांनी तो मला बाजारात भेटला. एका सरकारी लाकूड आगारात रोजंदारीवर होता. ओंडके ओळखायचं तेच काम, रोज मी द्यायचो त्यापेक्षा कमी. बोलता बोलता म्हणाला की सात-आठ महिने झाले की साहेब चार महिने घरी बसा म्हणतात, मग परत घेतात. सगळ्यांनाच तसं करतात. का, ते कोणी सांगत नाही.

मी त्याला का ते सांगितलं. बोटांवर दिवस मोजून दाखवले. दोनशे चाळीस भरू नयेत म्हणून. मला पंधरा दिवसांचा कायदा शिकवणारे स्वतः काय करतात ते बघा. बाजारात लोक वळून पाहू लागले इतका माझा आवाज चढला. मी म्हणालो, अर्ज करा, मी लिहून देतो, मी साक्षीला येतो.

त्यानं मला बोलून घेऊ दिलं. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोणावर करू भाऊ?" तो म्हणाला. "तुमच्यावर केला तर तुम्ही समोर येऊन बसले होते."