तळ्याकाठची कोरी गादी

माझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे दादांनी, गाझियाबादच्या एका वर्कशॉपमध्ये जुनी टेम्पो ट्रॅव्हलर देऊन तिची कॅम्पर करून घेतली. आत वर-खाली बेड, शेगडी, बेसिन, खिडक्यांना मरून पडदे. आणून लावल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. थंडीत सोहना गावाच्या बाजूला एका तळ्याकाठी सगळ्यांनी कॅम्पिंगला जायचं ठरलं, तेव्हा माझी आई नागपूरहून आमच्याकडे मयूर विहारला आलेली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार काळ झाला नव्हता. मी नाहीच म्हणत होते. दादांनी स्वतः फोन केला.

"मावशींना खालचा बेड पक्का. बिल्कुल काळजी करू नका."

आई हरखली. तिने सगळ्यांसाठी बेसनाचे लाडू केले.

आम्ही आमच्या गाडीने पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तळ्यावरून बोचरा वारा येत होता. दादा कॅम्परच्या दारात उभे राहून म्हणाले, "थोडा चेंज आहे. खालच्या बेडवर आमचा मुलगा झोपेल, त्याची पाठ धरलीय. मावशींसाठी तंबू लावलाय मस्त. मोकळी हवा!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, एका रात्रीचा प्रश्न आहे." आई तर लगेच "मला चालेल हो" म्हणून मोकळी झाली. ती रात्र तिने पातळ सतरंजीवर काढली. सकाळी मी आणि माझ्या मुलीने तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. गुडघा वाकत नव्हता. तिने फक्त ओठ दाबून धरले.

तिला शेकायला गरम पाणी हवं म्हणून मी कॅम्परमध्ये गेले. जाऊबाई चहा टाकत होत्या. खालच्या बेडवर कोणीच झोपलेलं नव्हतं. पांढरीशुभ्र चादर ताणून बसवलेली, गादीच्या कडेचं प्लास्टिकसुद्धा तसंच.

"ताई, इथे कोण झोपलं होतं?"

जाऊबाईंनी मान वर केली नाही. "मुलगा वर झोपला. दुपारी ह्यांचे साहेब येणार आहेत ना गाडी बघायला. चादरीला सुरकुत्या नकोत म्हणाले."

भांडावंसं वाटलं नाही. भांडले असते तर दादांनी आवाज चढवला असता, नवऱ्याने मध्ये पडून मलाच गप्प केलं असतं. मी थांबले. दादा दाढी करून, नवं जॅकेट घालून साहेबांना आणायला गेटवर गेले, तशी मी आईला हाताला धरून कॅम्परमध्ये आणलं. प्लास्टिक टराटरा फाडलं. तिला गादीवर निजवलं, गुडघ्याखाली उशी दिली, पडदे ओढले आणि आतून कडी लावली.

थोड्या वेळाने बाहेर दादांचा आवाज आला. "आइए सर, अंदर से देखिए, असली चीज़ तो अंदर है।" मग हँडलची खटखट. मग दबक्या मराठीत, "कोण आहे आत? दार उघडा!"

मी खिडकी सरकवली. साहेब आणि त्यांच्या मिसेस समोरच उभ्या होत्या. मी अगदी नम्रपणे नमस्कार केला.

"सर, माफ़ कीजिए। मेरी माँ के घुटने का ऑपरेशन हुआ है। रात भर ज़मीन पर सोईं, क्योंकि ये बिस्तर आपको दिखाने के लिए रखा था। अभी आँख लगी है।"

साहेबांच्या मिसेसनी दादांकडे जे पाहिलं, ते मी अजून आठवून आठवून चवीने बघते. "अरे, सोने दीजिए माताजी को," म्हणून त्या नवऱ्याला घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागल्या. दादा मागून "सर, सर" करत गेले. साहेब चहाही न घेता परतले. तोवर जाऊबाईंनी खिडकीतून गुपचूप पोह्यांच्या दोन बशा आत दिल्या. वर लिंबाची फोडही होती.

पाहुणे गेल्यावर दादा दारावर थापा मारत ओरडले, "माझी इज्जत घालवलीत तुम्ही!"

"तुम्हीच मांडून ठेवली होतीत, दादा. चादरीसारखी," मी आतूनच म्हणाले.

आईचा गुडघा नीट शेकून झाल्यावरच मी कडी काढली. तेव्हापासून दादा आमच्याकडे येत नाहीत. मी बोलावतही नाही. जाऊबाई मात्र मेट्रोने एकट्या येतात, दुपारभर बसतात.

परतताना गाडीत नवरा गाल फुगवून बसला होता. मी मागे वळून आईला विचारलं, "झोप झाली का गं थोडी?"

"झोप कुठली?" आई म्हणाली. "तो साहेब खिडकीशी आला ना, तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने घोरत होते."