साहेबांच्या गाडीचे टायर

इस्पितळात तिला सगळे एक्स-रेवाल्या ताई म्हणायचे. मोडक्या हाडांच्या माणसांना टेबलावर सरकवायचं, "श्वास धरा" म्हणायचं, "सोडा" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची, यातच तिचा दिवस सरायचा. संध्याकाळी शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवला तरी खांद्यांना तो अंगावरच असल्यासारखं वाटत राही. अशा अवस्थेत ती पार्किंगमध्ये येऊन ज्या गाडीपाशी थांबायची, ती बघून नवे डॉक्टर चाट पडायचे. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, करड्या रंगाची स्पोर्ट्स कार.

"ताई, तुमचा थाट काही औरच!" असं कुणीतरी म्हणायचंच. ताई हसायची आणि एक हात छतावर, दुसरा दारावर ठेवून विहिरीत उतरल्यासारखी आत उतरायची.

थाट तिचा नव्हताच. गाडी नवऱ्याची. त्यांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. हाताखालची माणसं 'साहेब' म्हणायची, तेच नाव मग घरातही चिकटलं. नोकरीच्या अखेरीला त्यांनी ही गाडी घेतली आणि लहान मूल झाल्यासारखे वागू लागले. सकाळी उठले की आधी गाडी पुसायची, मग तोंड धुवायचं. पण काचबिंदू आधीपासूनच डोळ्यांत मुरत होता. कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं धूसर झालं आणि शेवटी उजेड-अंधार तेवढा उरला. चालवणारी आता एकटी ताईच, आणि दारात दोन गाड्यांची दाटी. एक विकायची वेळ आली तेव्हा ताईची छोटी, उंच सीटची, गुणी गाडी गेली. ही गाडी विकायची नाही, साहेबांनी आयुष्यात हट्ट असा तेवढा एकच केला होता. तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं.

साहेब गाडीपासून सुटले नव्हते. रविवारी खाली येऊन ते तिच्यावरून हात फिरवायचे, टायर चाचपायचे. "खाचा चांगल्या आहेत अजून," म्हणायचे. "भरपूर जीव आहे."

एका सकाळी रस्ता ओला होता. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ताईने स्टिअरिंग फिरवलं, गाडीचं तोंड वळलं आणि मागची बाजू मात्र आपल्याच वाटेने निघाली. काय झालं ते कळेपर्यंत गाडी उलट तोंड करून उभी होती. समोरच्या दुधाच्या व्हॅनचा ड्रायव्हर धावत आला. "लागलं का हो?" ती "नाही" म्हणाली, गाडी सरळ केली आणि कामावर गेली. दिवसभर ती इतरांची हाडं बघत राहिली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. घरी ती एवढंच म्हणाली, "टायर बदलायला हवेत."

झालं! साहेबांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. फोन कानाशी लावून ते टायरची माहिती ऐकू लागले. जेवताना टायर, झोपताना टायर. मऊ रबराचे, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले टायरच घालायचे, हे त्यांनी पक्कं केलं. ताई "हं" म्हणत ताटावरच पेंगायची.

सुट्टीच्या दिवशी ती त्यांना घेऊन टायरच्या दुकानात गेली. दुकानदार अंगाने गोल, स्वभावाने शांत. त्याने गाडीला फेरी मारली आणि विचारलं, "रोज कोण चालवतं?"

"मी," साहेब म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. हातातली पांढरी काठी त्यांनी जरा मागे घेतली. दुकानदाराने ताईकडे पाहिलं आणि तो पुन्हा चाकांपाशी वाकला.

"चारही बदलावे लागतील," दुकानदार म्हणाला. "पुढचे अरुंद, मागचे रुंद, म्हणून पुढचे मागे घालता येत नाहीत. मऊ रबराचे आहेत माझ्याकडे. कोरड्या रस्त्याला डिंकासारखे चिकटतात. पण लवकर झिजतात, आवाज करतात आणि पाणी साचलं की त्यांचा भरवसा नाही. दुसरे आहेत रोजच्या वापराचे. पाणी चांगलं कापतात. वळणावर तेवढी मजा नाही."

"मऊच द्या," साहेब म्हणाले. "या गाडीला साधे टायर म्हणजे धावपटूला चपला घालण्यासारखं."

"तुमचा धावपटू रोज मला घेऊन इस्पितळात जातो," ताई म्हणाली. "आणि स्पीडब्रेकरवर पोट घासतो."

"अगं, पण गाडीचा स्वभाव आहे की नाही काही?"

"आणि माझा?"

ती मोठ्याने बोलली नव्हती. भांडायलाही अंगात त्राण लागतं. शेजारच्या टायरच्या ढिगावर ती बसली आणि पाय पसरत म्हणाली, "अहो, परवा गाडी फिरली. टाकीच्या वळणावर. गर्रकन उलटं तोंड झालं."

साहेब आवाजाच्या दिशेने वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही रात्रभर जागला असता. मग मलाही जागावं लागलं असतं."

तोवर कामगाराने मागचं चाक काढून जमिनीवर आडवं ठेवलं होतं. साहेब काठी टेकत तिकडे गेले आणि उकिडवे बसले. नेहमीसारखा त्यांनी बाहेरच्या कडेवर हात फिरवला. खाचा होत्या. मग बोटं आत सरकली. खाचा उथळ होत गेल्या आणि संपल्याच. अगदी आतल्या कडेला, चाक गाडीला असताना जिथे त्यांचा हात कधी पोचत नव्हता तिथे, बोटाला काहीतरी टोचलं.

"ही तार का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. चाकं वाकडी चालत होती. आतल्या कडेचं रबर संपून टायरमधली तार उघडी पडलीये."

साहेबांनी तारेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. दर रविवारी "भरपूर जीव आहे" म्हणणारा माणूस तो हाच. मग चाकाकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "पाणी कापणारे घाला. आणि चाकं सरळ करून द्या."

ताईला वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. वाटलं नाही. भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले आणि टायर चढेपर्यंत तिथेच झोपली. साहेबांनी दुकानदाराला हळू बोलायला सांगितलं.

परतताना गाडी शांत चालली होती. साहेबांचे कान टवकारलेले.

"स्टिअरिंग कसं वाटतंय?"

"हलकं."

"जरा मेंगळट वाटत असेल."

"वाटू दे."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "विकून टाकू या का हिला? उंच सीटची घे एखादी. तुला हवी तशी."

हे वाक्य ऐकायला तिचे कान किती काळ आसुसले होते. आणि आता ते आलं तर तिला पुढचं सगळं दिसू लागलं: दारात येणारी माणसं, प्रत्येकाची घासाघीस, मग दुसरी गाडी शोधत वणवण.

"अहो, आत्ताच तर टायर घातले," ती म्हणाली. "हे झिजेपर्यंत तरी मला कुठलाच निर्णय घ्यायला लावू नका."

"बरं," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर ती चपला न काढताच पलंगावर आडवी झाली. स्वयंपाकघरात साहेब चाचपडत चहा करत होते. पातेलं आपटलं, साखरेचा डबा कलंडला, साखर फरशीवर सांडल्याचा आवाज आला.

"काही नाही, काही नाही," आतून साहेब म्हणाले.

ताईने ऐकलं आणि कूस बदलली. ती उठली नाही.