टेंभराची बी

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. आम्ही पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात राहतो. घरचे तलावात मासे धरतात. तिला वरचं खाणं सुरू करून दोन महिने झाले होते. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला नीट समजावलं होतं : एका वेळी एकच नवं फळ, मग दोन-तीन दिवस अंगावर काही उठतं का ते बघायचं, साल-बी काढून गर पार कुस्करायचा. केळं आणि पपई तिला मानवली होती.

उन्हाळ्यात सासरे जंगलातून पिकली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन आले. मी चुलीपाशी होते, म्हणून त्यांनी नातीला परसात मांडीवर घेतलं आणि टेंभर चारू लागले. टेंभराचा गर मऊ, गोड. पण आत चपट्या, बुळबुळीत बिया असतात.

मला रडणं ऐकू आलं नाही. उलट तिची बडबड एकदम थांबली, म्हणून मी बाहेर पाहिलं. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळसर. सासरे तिच्या तोंडात बोट घालत होते.

"मामाजी, बोट नोका घालू. बी आत जाईल," असं म्हणत मी तिला ओढूनच घेतलं.

लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते आशाताईंनी अंगणवाडीत बाहुलीवर दाखवलं होतं. तेव्हा आम्ही बाया हसलो होतो. मी खाली बसले. तिला हातावर पालथं धरलं, डोकं खाली, जबडा माझ्या पंजात. खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा मारल्या. काही नाही. उताणी करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबलं. काही नाही. पुन्हा पालथी. आपण लेकराला मारतोय, एवढंच मनात येत होतं. तिसऱ्या थापेला बी मातीत पडली आणि ती रडली.

नवऱ्यानं गाडी काढली, दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली. सगळं ठीक होतं. सासरे बाहेर बाकावर बसले होते.

"माह्या हातानं झालं, बाई. मी आता तिले काई चारत नाई."

मला राग आला होता. मी लेकीला घेऊन सरळ गाडीकडे गेले.

नंतर आठवडाभर मीही तिला पेजेशिवाय काही दिलं नाही. आशाताई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, भीती साहजिक आहे, पण फळं बंद करू नका. त्या गेल्यावर मी पपईची फोड आणि वाटी सासऱ्यांपुढे ठेवली.

"तुमीच कुस्करा, मामाजी. मी इथीच बसून राह्यली."

त्यांनी ती इतकी कुस्करली की नुसतं पाणी उरलं. मग अर्धा चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं गिळेपर्यंत आम्ही दोघंही तिच्या गळ्याकडे बघत होतो.