दुसरं कॉलेज बघ

त्या मुलीला बॉल पकडता येत नव्हता, हे मला मान्यच होतं. सतरा वर्षांची, आमच्या बास्केटबॉल टीममधली सगळ्यात उंच, आणि पास आला की कोणी तापलेलं पातेलं हातात देतंय असे हात पुढे करायची. खेळायला लागून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पण रिबाउंडचा बॉल कुठे पडणार हे तिला इतरांच्या आधी कळायचं. ते कुणाला शिकवता येत नाही.

मी सिंगापूरमध्ये, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. पुण्यात विद्यापीठाकडून खेळले होते, म्हणून इथल्या एका कॉलेजात मुलींच्या टीमची असिस्टंट कोच म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी जायचे. प्रॅक्टिस संपली की ती मुलगी आणि मी वीस मिनिटं मागे थांबायचो. मी टेनिसचे बॉल फेकायचे, ती एका हाताने झेलायची. सुरुवातीला दहातले तीन झेलत होती. आठ महिन्यांनी सात.

मग दुसऱ्या कॉलेजातली एक तयार मुलगी आमच्याकडे येणार असं ठरलं. मुख्य कोच इथलेच, माझ्याच वयाचे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"टीममध्ये जागा बाराच," ते म्हणाले. "त्या उंच मुलीला सांगा, दुसरं कॉलेज बघ म्हणावं. तिथे तिला खेळायला तरी मिळेल. तिच्याच भल्याचं आहे."

"तिला पहिलं वर्ष पुन्हा करावं लागेल."

"सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय."

"मग तेच एक वर्ष आपण तिला देऊ की."

"स्पर्धा यंदा आहे," ते म्हणाले.

मी सांगणार नाही म्हटलं आणि निघाले. मी स्वतः पुण्यात दोन वर्षं बाकावर बसून काढली होती. आमचे सर तोंडाने फटकळ. "तू गाढव आहेस," म्हणायचे, "पण आमचं गाढव आहेस." दुसरीकडे जा, असं एकदाही म्हणाले नाहीत. तिसऱ्या वर्षी मी टीममध्ये आले, ती काही चमत्काराने नाही.

नऊ दिवसांनी ती मुलगी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गेटपाशी माझी वाट बघत उभी होती.

"कोच, तुम्हालाही असंच वाटतं का?"

"कसं?"

"मी दुसऱ्या कॉलेजात जावं असं. सर म्हणाले, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

"नाही," मी म्हटलं. "मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

नऊ दिवस मी तिच्याकडे बॉल फेकत होते आणि तिच्या पाठीमागे काय शिजतंय ते गिळून बसले होते. तिला उगाच लागेल, असं स्वतःला समजावत होते. खरं तर मला भांडण टाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जाळ्या आणि बॉल ठेवायच्या खोलीत मी कोचना गाठलं.

"तुम्ही माझ्या नावाने खोटं बोललात."

"तुम्ही सांगायला तयार नव्हता, मग मला सांगावं लागलं."

"सांगायचं होतं तर स्वतःच्या नावावर सांगायचं. माझं नाव कशाला घेतलंत?"

ते अगदी शांतपणे म्हणाले, "कारण ती तुमचं ऐकते."

मी शिट्टी गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण बाकीच्या मुलींचं काय?" तो बरोबर बोलत होता, म्हणून मला त्याचाही राग आला.

मुलीने कॉलेज बदललं नाही. टीम सोडली. तयार मुलगी आली, आमची टीम तिसरी आली, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर फोटो लागला. पुढच्या वर्षी त्या तयार मुलीला आणखी चांगल्या टीमने बोलावलं आणि ती तिकडे गेली. तिला दोष कसा देऊ? तिला आम्ही तेच शिकवलं होतं. पण हे कळल्यावर मला जराही बरं वाटलं नाही.

उंच मुलगी मला एकदा बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, दिसली. मैत्रिणींबरोबर जेवत होती. मला बघून उठली, नीट बोलली. मी विचारलं, "खेळतेस का कुठे?"

"नो लाह, कोच," ती इथल्या बोलीत हसून म्हणाली. "मला तसंही जमत नव्हतं."

मी तिला म्हणाले की जमत होतं. दहातले सात, असंही म्हणाले. तिने मान हलवली, एखाद्या वयस्कर बाईचं मन राखावं तशी. आठ महिन्यांचं काम दोन वाक्यांत पुसून टाकता येतं, आणि पुसणारा माणूस त्या संध्याकाळी निवांत जेवतो, हे मला अजून पचत नाही.

मध्यंतरी कोचचा फोन आला. नव्या बॅचमध्ये तीन-चार मुली कच्च्या आहेत, म्हणाले. "तुमच्याकडे संयम आहे. परत या."

"येते," मी म्हटलं. "पण एकीलाही दोन वर्षं टीममधून काढायचं नाही, असं लिहून द्या."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी घसा खाकरला आणि कळवतो म्हणाले. त्याला तीन आठवडे झाले.